तुम्ही पुस्तकातलं सांगत होतात

नाना, तुम्ही गेल्याला आता अठरा वर्षं होतील. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळही लिहिलेली नाही. तुम्ही होतात तेव्हा आपण एकाच घरात राहत होतो, मग कागद कशाला लागतो. आणि तुम्ही गेल्यावर तर पत्ताच उरला नाही. आज लिहायला बसले आहे ती एका पुस्तकामुळे. मी इथे शहाद्याला मुलींच्या शाळेत शिकवते, हे तुम्ही पाहिलं नाहीत. गेल्या महिन्यात गावातल्या एका वकिलांच्या घरच्यांनी बिऱ्हाड हलवताना दोन पेट्या पुस्तकं शाळेला दिली आणि त्यांची यादी करायचं काम मोठ्या बाईंनी माझ्या गळ्यात मारलं. वरच्या थरात सगळे कायद्याचे जाडजूड ठोकळे. खाली हात घातला तर ते पुस्तक हाताला लागलं. नाव लिहीत नाही, तुम्हाला सांगायला नको. नावाड्याच्या मुलीची गोष्ट. मुखपृष्ठावर तीच नाव, नावेत उभी तीच मुलगी, डोळ्यांवर हात धरून लांब बघणारी. फक्त तुमच्या पुस्तकाची पाठ तुम्ही पांढऱ्या दोऱ्याने टाके घालून शिवली होती आणि हे धड होतं. मी ते यादीत न लिहिताच पिशवीत घातलं आणि घरी आणलं. रविवारी चुलीशी बसून वाचून काढलं. वरण करपलं, घरात सगळ्यांनी ते निमूट खाल्लं, आणि मला कुणी काही विचारलं नाही. माझं तोंड बघूनच विचारलं नसावं.

आमच्या शाळेत सगळे समजतात की ही गोष्ट मला तोंडपाठ आहे. मीही तसंच समजत होते. तंबूतला मुका सिनेमा मी अकरा वर्षांची असताना पाहिला, एकदा नाही, चांगला आठ-नऊ वेळा, आणि पुढे बोलपट निघाला तोही पाहिला. पुस्तक मात्र कधीच वाचलं नव्हतं. आपल्याच शिंप्याच्या दुकानात, मशीनच्या मागच्या फळीवर, कापडाच्या चिंध्यांशेजारी ते पुस्तक पडून असायचं. तुम्ही दहा वेळा म्हणाला असाल, "वाच ना वं बेटा, तुन्हाच वयनी पोर शे तेमा." माझ्याच वयाची मुलगी त्यात आहे म्हटल्यावरही मी त्याला हात लावला नाही. बापाने वाच म्हटलेलं पुस्तक कोण वाचतं? आणि तंबू आल्यावर तर मला त्याची गरजच वाटेना. डोळ्यांनी सगळं दिसल्यावर अक्षरांशी कोण झटापट करतो, असं मी तेव्हा मोठ्या शहाणपणाने मैत्रिणीला सांगितलेलंही आठवतं.

ते दिवस मला आत्ता चालू असल्यासारखे दिसतात. कापसाची वेचणी उरकली आहे, नंदुरबारला थंडी पडली आहे, आणि स्टेशनापलीकडच्या मैदानावर तंबू ठोकला जातो आहे. तंबूचं कापड एका कडेने उसवलंय म्हणून तंबूच्या मालकाचा, गुजराती शेठचा माणूस शिंप्याचं दुकान शोधत येतो आणि तुम्ही दाभण, सुतळी घेऊन निघता. दोन दिवस मातीत मांडी ठोकून तुम्ही तो तंबू शिवता आणि शिवता शिवता शेठशी त्याच्याच गुजरातीत गप्पा मारता, कारण तुम्ही हे काम सुरतेला शिकलात. शेठला तेव्हा माणूस हवाच होता. चित्रांच्या मधे मधे अक्षरांच्या पाट्या येत, त्या इंग्रजी आणि गुजराती. आपल्याकडच्या लोकांना त्यातलं काय कळणार? पडद्याशेजारी उभं राहून खणखणीत आवाजात, इथल्या बोलीत गोष्ट सांगणारा कुणी तरी लागायचा. तुमचा आवाज त्याने शिवणकामातच ऐकला होता. तंबू शिवायला गेलेला माणूस तंबूचा मास्तर होऊन घरी आला. मायने त्या संध्याकाळी गूळ-सुंठीच्या गोळ्या वळायला घेतल्या, तुमच्या घशासाठी, आणि पुढे तंबू असेपर्यंत त्या डब्यातून कधी संपू दिल्या नाहीत.

तुम्ही किती छान सांगायचा, हे मी तेव्हाच कबूल करायला हवं होतं. बसलेल्या शंभर माणसांतल्या नव्वदांनी समुद्र पाहिलेला नव्हता. पडद्यावर पाणीच पाणी आलं की तुम्ही जवळच्या प्रकाशा गावच्या तापीचा दाखला द्यायचा, "प्रकाशानी तापी पूरमा देखेल शे ना? तसं पानी, पन पलीकडे काठच नही." सगळा तंबू एकदम गप्प व्हायचा. रनाळ्याहून गाड्या जुंपून लोक यायचे. दुकानात तुम्ही फाटक्या कोटाला ठिगळ लावणारे शिंपी होतात. रस्त्यात आता माणसं थांबून "मास्तर, राम राम" म्हणू लागली. तुम्ही ते अंगावर मिरवायचा नाहीत, पण टोपी रोज धुऊन घालायला लागलात हे मायच्या आणि माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. आम्ही दोघी त्यावरून हसायचो.

पहिले चार दिवस तुम्ही पडद्यावर जे दिसे तेच सांगितलं. नावाडी समुद्रात हरवतो, त्याची मुलगी धाकट्या भावाचा हात धरून बंदरोबंदर त्याला शोधते, शेवटी कळतं की चाच्यांनी त्याला पकडलं होतं. त्याने तलवार गाजवून राजाचा जीव वाचवलेला असतो, राजा भरदरबारात त्याच्या गळ्यात हार घालतो आणि बापलेकी हत्तीवर बसून गावी येतात. मला तो हाराचा प्रसंग इतका आवडायचा की तो जवळ आला की मी उकिडवी बसायची. तुमचा मात्र घास अडकायला लागला. पाचव्या दिवशी दुपारी जेवताना तुम्ही ताट पुढे सरकवलंत आणि मायला म्हणालात, "बाप काय असा हत्तीवर बसीसन घर येस? ज्यानी लिखं, त्यानी येगळंच लिखेल शे. मी लोकस्ले खोटं कसाले सांगू?" माय म्हणाली, "जे दिखस ते सांगा ना. आपले काय करनं?" तुमचा हट्टही काही कमी नव्हता, नाना. कोटाची बाही अर्ध्या बोटाने चुकली तर गिऱ्हाईक नको नको म्हणत असताना तुम्ही ती उसवून पुन्हा शिवायचा. गोष्टीच्या बाबतीत तुम्ही तेच केलंत, एवढंच.

त्या दिवशी दरबार पडद्यावर आला, राजाने हार उचलला, आणि तुम्ही म्हणालात, हे पोरीला पडलेलं स्वप्न आहे. मग पुढे म्हणालात, "आते पोरले जाग उनी. राजा नही, हार नही. बंदरवर एक मानूस बठेल शे, डोकावर बोजा वाहीसन थकेल. गावना माल भरेल नाव त्याना हाततून बुडेल व्हती, म्हनीसन तो तोंड लपाडीसन ऱ्हास. पोर म्हने, चला घर. तो म्हने, मी तुन्हा बाप नही." वर हत्ती डुलत चाललेला आणि खाली तुमचा आवाज त्या हमालाजवळ बसलेला. मला काहीच कळेना. पुरुषांच्या बाजूने कुणी तरी ओरडलं, "ओ मास्तर, पडदावर राजा दिखी ऱ्हायना, आन तू काय सांगी ऱ्हायना?" लोक हसले. दुसऱ्या दिवशी जास्त हसले. तिसऱ्या दिवशी तर शिट्ट्या वाजवायलाच आले. शाळेत मुलींनी मला 'उलटा मास्तरची पोर' म्हणायला सुरुवात केली. तुम्हाला मी हे सांगितलं नाही, पण तुमच्यावर धुमसत होते. मला हार हवा होता आणि तुम्ही तो तोंडचा घास काढावा तसा काढून घेतला होतात.

बायकांच्या बाजूला, दोरीला बांधलेल्या लुगड्याच्या पडद्याआड, तिसऱ्या दिवशी माझ्याशेजारी एक बाई येऊन बसली. डोंगरातली, काठी गावाकडची असावी. हातात जाड कडी, अंगावर दिवसभराच्या मोळीचा वास. सगळे शिट्ट्या मारत होते तेव्हा ती तोंडावर पदर धरून रडत होती. खेळ सुटल्यावर तिने तुमच्याकडे बोट केलं आणि मोडक्यातोडक्या बोलीत मला विचारलं, "हाऊ सांगनारा तुन्हा बाप शे का?" तिला तुम्हाला काही तरी विचारायचं होतं. माझ्या दुसऱ्या बाजूला वर्गातली मैत्रीण बसली होती आणि तिचे कान टवकारलेले होते. मी म्हणाले, "नही. आमना गल्लीमा ऱ्हास." बाई जरा घुटमळली. मग मलाच विचारलं, "मंग तो घर गया का?" मला माहीत नव्हतं. मी खांदे उडवले आणि मैत्रिणीबरोबर निघून आले. तिचा माणूस कामाला कुठे लांब गेला आणि परतला नाही, असं काही असेल का, हे आता मनात येतं. तेव्हा फक्त आपली सुटका झाली असं वाटलं होतं.

दोन दिवसांनी भर दुपारी शेठ आपल्या घरी आला. तो वाईट माणूस नव्हता. ओट्यावर बसला, मायने दिलेलं पाणी प्यायला आणि सरळ म्हणाला की लोक राजा बघायला येतात आणि तुम्ही त्यांना हमाल दाखवता, तंबूची थट्टा होते आहे. तुम्ही पुस्तक आणून त्याच्या पुढ्यात ठेवलंत. म्हणालात, मी पदरचं काही सांगत नाही, लिहिणाऱ्याने हेच लिहिलंय, शेवटचं पान बघा. शेठला मराठी वाचता येत नव्हतं. त्याने पुस्तक उलटसुलट केलं, तुमच्याकडे बघितलं, विचार केला. म्हणाला, लिहिलेलं असेल तर खुशाल सांगा, मी लोकांना समजावीन. पण तुम्ही घरचं रचून सांगत असाल तर उद्यापासून धुळ्याचा माणूस येईल. आणि मग घरात वाचता येणारं आणखी कोण म्हणून त्याने मला हाक मारली. "तू वांच, बेटा. छेल्ले शुं लखेलुं छे?" शेवटी काय लिहिलंय तेवढं सांग.

मी चौथीत होते आणि वर्गात वाचनात पहिली होते. माय चुलीपासून उठून दारात आली. तुम्ही निवांत उभे होतात. तुम्हाला खात्री होती, मला दिसत होतं ते. मी पुस्तक घेतलं, शेवटचं पान उघडलं. अक्षरं नुसती डोळ्यांपुढून गेली, मी काही वाचलं नाही. माझ्या डोक्यात मुलींचं चिडवणं होतं, हार होता, आणि धुळ्याचा माणूस आला तर सगळं पहिल्यासारखं होईल एवढंच होतं. मी मान वर केली आणि सांगितलं, "राजा त्याले हार घालस. मंग ते हत्तीवर घर येतस."

शेठने तुमच्याकडे पाहिलं, त्याच्या नजरेत राग नव्हता, कीवच होती, आणि ती जास्त वाईट होती. माय म्हणाली, "पोर कसाले खोटं बोली?" बिचारीने तुमच्यावर अविश्वास दाखवला नव्हता, माझ्यावर विश्वास दाखवला होता. पलीकडच्या गल्लीत शाळेचे गुरुजी राहत होते. शंभर पावलं चालून त्यांना बोलावलं असतं तर एका मिनिटात निकाल लागला असता. तुम्ही गेला नाहीत. माझ्या हातातून पुस्तक घेतलंत, मिटलंत आणि शेठला म्हणालात, "पोर म्हनस तसंच व्हई. मन्हीच चूक." लोकांपुढे एकाने तरी खोटं ठरायचं होतं, आणि तुम्ही मला ठरू दिलं नाहीत.

धुळ्याचा माणूस आला. तो पाट्या वाचून हत्तीच्या वेळी तोंडाने तुतारी वाजवायचा, लोक खूश झाले. मी पण गेले बघायला, एवढी निगरगट्ट होते. तुम्हाला 'मास्तर' म्हणणारे हळूहळू पुन्हा 'ओ शिंपी' म्हणायला लागले. मला तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरच्या तीन वर्षांतही नाही. फक्त दुकानात एक पान वाचायचं आणि एक शिवण मारायची हे तुमचं बंद झालं. ओट्यावर बसणारे लोक म्हणायचे, काही तरी सांगा, तर तुम्ही मशीनकडे बोट दाखवायचा, काम आहे म्हणून. मग विषमज्वर आला आणि सतरा दिवसांत तुम्ही गेलात. मायने मशीन विकलं तेव्हा फळीवरचं सगळं सामान घेणाऱ्याने बरोबर नेलं, त्यात ते पुस्तकही गेलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

पुढचं सांगायला जास्त लाज वाटते, कारण त्या वेळी मी अकरा वर्षांची नव्हते. लग्न झाल्यावर धुळ्याला बोलपट पाहिला. त्यातही राजा होता, हार होता, शिवाय आता गाणी होती. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? बघा, मीच बरोबर होते. घरी येताना यजमानांना मी तुमची गोष्ट गंमत म्हणून सांगितली, की आमचे नाना तंबूत सिनेमाचा शेवट उलटा सांगायचे आणि लोक शिट्ट्या मारायचे. ते खूप हसले. मग ती माझी ठरलेली गोष्टच झाली. हळदीकुंकवाला सांगितली, शाळेत सांगितली, तुमचा आवाज काढून, तुमच्यासारखा हात करून सांगितली. चार बायका हसल्या की मला बरं वाटायचं. मायच्या पुढ्यात एकदाच सांगितली. ती उठून आत गेली, आणि मला वाटलं तिला दूध बघायचं असेल.

आणि आता हे पुस्तक. नाना, त्यात राजा नाही. चाचे नाहीत, तलवार नाही, हत्ती तर औषधालाही नाही. त्यात गावाचा माल बुडवून बसलेला एक लाजलेला माणूस आहे आणि त्याची एक हट्टी पोर आहे. तो म्हणतो मी तुझा बाप नाही. ती रडत नाही, भांडत नाही. म्हणते, नसाल तर नसा, पण आम्हाला नाव घरी न्यायला एक नावाडी हवा आहे. तो उठतो आणि वल्हं हातात घेतो. गाव दिसायच्या आधीच पुस्तक संपतं. डोंगरातल्या त्या बाईने विचारलं होतं, तो घरी गेला का, ते पुस्तकात लिहिलेलंच नाही. ते तुम्हीच तिला सांगू शकला असता, आणि मी तिला तुमच्यापर्यंत येऊ दिलं नाही. तुम्ही अक्षर न् अक्षर पुस्तकातलं सांगत होतात. पदरचं एकच घातलं होतंत, दरबार हे पोरीचं स्वप्न आहे हे. तेसुद्धा कशासाठी, तर सिनेमा काढणाऱ्यालाही खोटं पाडायला नको म्हणून. हे मला रविवारी चुलीपुढे कळलं आणि मी तोंडात पदर कोंबून रडले. मला लाज वाटते, नाना. दुसरा काही शब्द मला सापडत नाही.

ही चार पानं पुन्हा वाचून पाहिली. हे पत्र कुठे टाकायचं नाही, कुणी वाचणार नाही, तरीही त्यात मी एक खोटं लिहून ठेवलं आहे. शेवटचं पान उघडलं पण वाचलं नाही, असं वर लिहिलंय. वीस-एकवीस वर्षं मी स्वतःलाही तेच सांगत आले आणि जवळजवळ विश्वासही ठेवला. पण रविवारी ते पान समोर आलं तेव्हा एक ओळ मला ओळखीची वाटली. वाचताना ओळीखालून बोट फिरवायची सवय मला तुम्हीच लावली होती. त्या दुपारीही माझं बोट फिरत होतं, आणि "मी तुझा बाप नाही" या शब्दांखाली येऊन ते थांबलं होतं. तुमची नजर त्या बोटावर होती. मी वाचलं होतं, नाना, आणि मी वाचलंय हे तुम्हाला माहीत होतं.